‘जजमेंट’ म्हणजे नेमकं काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोर्टाचं जजमेंट आलं, वळणावर ड्रायव्हरचं जजमेंट चुकलं, आणि वर ‘तू फार जजमेंटल आहेस’ हेही ऐकून घ्यावं लागलं. तिन्ही ठिकाणी शब्द एकच, पण त्यामागची गोष्ट दर वेळी वेगळी. या शब्दाबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. कोर्टाचा भाग जास्त लांबला आहे, कारण सर्वाधिक गोंधळ तिथेच आहे.

एकाच शब्दाला इतके अर्थ कसे?

ढोबळमानाने तीन कामांना आपण हा एक शब्द वापरतो. दोघांच्या वादात कोण बरोबर ते ठरवणं हे पहिलं. अंतर, वेग, वेळ, माणूस अशा न मोजलेल्या गोष्टीचा अंदाज बांधणं हे दुसरं. आणि एखाद्याच्या वागण्यावर चांगलं-वाईट असा शेरा मारणं हे तिसरं. मराठीत या तिन्हींना स्वतंत्र शब्द आहेत: निवाडा, अंदाज आणि नावं ठेवणं.

या तिन्हींना वेगळं ओळखायची एक सोपी खूण आहे. कारणं विचारा. न्यायाधीशाला ती लेखी द्यावीच लागतात. सराईत ड्रायव्हरला ती बहुधा सांगता येत नाहीत, तरी त्याचा अंदाज बरोबर निघतो. आणि नावं ठेवणाऱ्याकडे ती कुणी मागतच नाही.

कायद्यात ‘जजमेंट’ची व्याख्या काय आहे?

दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ च्या कलम २(९) मध्ये ती आहे आणि अगदी आखूड आहे: हुकूमनाम्याची किंवा आदेशाची जी कारणं न्यायाधीश देतो, त्यांचं निवेदन म्हणजे जजमेंट. कोण जिंकलं, कुणाला किती रक्कम मिळाली, याचा या व्याख्येत उल्लेखही नाही. बोलताना आपण ‘जजमेंट आपल्या बाजूने लागलं’ म्हणतो तेव्हा आपल्या मनात फक्त शेवटची ओळ असते. कायद्याच्या लेखी मात्र त्या ओळीआधीची सगळी पानं म्हणजे जजमेंट.

मग जजमेंट, डिक्री आणि ऑर्डर यांत फरक कोणता?

शेताच्या बांधावरून दावा झाला असं समजा. न्यायाधीशाने पुरावा तपासून, कुणाचं म्हणणं का पटलं आणि कुणाचं का नाही, हे वीस पानांत लिहिलं. ते निकालपत्र, म्हणजे जजमेंट. त्यावरून ‘प्रतिवादीने अमुक गटातल्या इतक्या क्षेत्राचा ताबा वादीला द्यावा’ असा जो एक-दोन पानांचा औपचारिक कागद तयार होतो तो हुकूमनामा, म्हणजे डिक्री. संहितेच्या कलम ३३ मध्ये हाच क्रम दिला आहे: आधी निकालपत्र जाहीर होतं, मग त्यावरून हुकूमनामा निघतो.

हुकूमनामा पक्षकारांच्या हक्कांचा त्या कोर्टापुरता अखेरचा फैसला करतो. हुकूमनामा नसलेला दिवाणी कोर्टाचा इतर कोणताही औपचारिक निर्णय म्हणजे आदेश, म्हणजेच ऑर्डर. दावा चालू असताना मिळणारा तात्पुरता मनाई हुकूम हा आदेशच असतो. तो मिळाला म्हणून पेढे वाटणारे बरेच भेटतात, पण मूळ दाव्याचा निकाल अजून लागायचाच असतो.

फरकाचा व्यवहारातला उपयोग असा. समोरचा माणूस निकाल पाळत नसेल तर अंमलबजावणी हुकूमनाम्याची होते, निकालपत्राची नव्हे. त्यासाठी जो अर्ज करायचा त्याला आपल्याकडच्या कोर्टांत ‘दरखास्त’ म्हणतात. मुदत अधिनियम, १९६३ प्रमाणे दरखास्तीला साधारणपणे १२ वर्षांची मुदत आहे, पण ‘अमुक गोष्ट करा’ असा आज्ञार्थी मनाई हुकूम असेल तर ती फक्त ३ वर्षं. दावा जिंकल्याच्या आनंदात ही मुदत हातची घालवणारे कमी नाहीत.

निकालपत्र हातात आलं तर वाचायचं कसं?

शेवटून. वकीलही तसंच वाचतात. शेवटच्या पानावर ‘आदेश’ असं शीर्षक असतं आणि खाली क्रमांक घालून ओळी असतात: दावा खर्चासह मंजूर करण्यात येतो, प्रतिवादीने अमुक दिवसांत तमुक करावे, त्याप्रमाणे हुकूमनामा तयार करण्यात यावा. फेटाळला असेल तर एवढ्या ओळीही नसतात.

ते कळलं की मग पहिल्या पानावर या. वर कोर्टाचं नाव, दाव्याचा क्रमांक, वादी-प्रतिवादी. त्यानंतर वादीचं म्हणणं थोडक्यात, मग प्रतिवादीची कैफियत, म्हणजे त्याचं लेखी उत्तर. या दोन भागांत अनेकजण फसतात. ‘वादी हा दावा मिळकतीचा मालक आहे’ हे वाक्य दिसलं की कोर्टानेच मान्य केलं असं वाटतं. तिथे न्यायाधीश फक्त वादीचं म्हणणं सांगत असतो, स्वतःचं नव्हे.

खरा गाभा पुढे असतो. तिथे दोन रकान्यांचा एक तक्ता दिसेल. डावीकडे ‘मुद्दे’, उजवीकडे ‘निष्कर्ष’. ‘वादी दावा मिळकतीवरील आपला कायदेशीर ताबा शाबीत करतो काय?’ समोर ‘होकारार्थी’. ‘दावा मुदतबाह्य आहे काय?’ समोर ‘नकारार्थी’. शेवटचा मुद्दा जवळजवळ नेहमी ‘काय आदेश?’ हा असतो आणि त्यापुढे ‘अंतिम आदेशाप्रमाणे’. वीस पानांच्या निकालाचा सगळा सांगाडा या अर्ध्या पानात मावलेला असतो. आपण कोणत्या मुद्द्यावर हरलो हे इथे लगेच कळतं, आणि अपिलात कशावर बोट ठेवायचं तेही.

त्याखाली ‘कारणमीमांसा’. एकेक मुद्दा घेऊन कोणता साक्षीदार काय बोलला, उलटतपासात काय निघालं, कोणता दस्त कोणत्या निशाणीला आहे हे येतं. ‘नि. ३२’ असं लिहिलेलं असतं ते दाखल कागदाचा निशाणी क्रमांक. हा भाग कंटाळवाणा असतो हे खरं, पण व्याख्येतलं ‘कारणांचं निवेदन’ ते हेच.

कारणं न देताच निकाल दिला तर?

तो अपिलात टिकणं अवघड. संहितेच्या आदेश २० मध्ये निकालपत्रात काय असावं ते सांगितलं आहे: प्रकरणाची थोडक्यात हकिगत, निर्णयासाठीचे मुद्दे, त्यांवरचा निर्णय आणि त्या निर्णयाची कारणं. छोट्या रकमांचे दावे चालवणाऱ्या लघुवाद न्यायालयांना सूट आहे, तिथे मुद्दे आणि निर्णय एवढं पुरतं. बाकीच्या कोर्टांनी कारणं दिली नाहीत तर वरचं कोर्ट प्रकरण पुन्हा खाली पाठवू शकतं.

यामागची गोष्ट साधी आहे. हरलेल्या माणसाला आपण का हरलो ते कळलं पाहिजे, नाहीतर तो अपिलात भांडणार कशाशी? आणि कारण लिहून काढायला बसलं की लिहिणाऱ्यालाही कधी कधी कळतं की आपल्याकडे कारण नाही.

‘निकाल राखून ठेवला’ म्हणजे काय? किती दिवस राखून ठेवता येतो?

दोन्ही बाजूंचा युक्तिवाद संपला, न्यायाधीशाने निकाल तिथल्या तिथे न सांगता लिहिण्यासाठी वेळ घेतला, एवढाच अर्थ. त्यावरून निकाल कुणाकडे झुकतोय याचा अंदाज बांधण्यात अर्थ नाही.

दिवाणी दाव्यात सुनावणी संपल्यापासून ३० दिवसांत, आणि अपवादात्मक कारणं असतील तर ६० दिवसांत निकाल द्यावा अशी तरतूद आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्यात, सत्र न्यायालयातल्या खटल्यांसाठी युक्तिवाद संपल्यावर ३० दिवस, आणि कारणं नोंदवून ४५ दिवस अशी मर्यादा घातली आहे. उच्च न्यायालयांबद्दल २००१ सालचा अनिल राय विरुद्ध बिहार राज्य हा निकाल महत्त्वाचा. त्या प्रकरणात युक्तिवाद संपल्यावर निकाल यायला सुमारे दोन वर्षं लागली होती. सर्वोच्च न्यायालयाने त्यावर नाराजी व्यक्त केली आणि सांगितलं की तीन महिन्यांत निकाल आला नाही तर पक्षकाराला लवकर निकालासाठी अर्ज करता येईल, आणि सहा महिने उलटले तर प्रकरण दुसऱ्या खंडपीठाकडे द्यावं अशी मागणी मुख्य न्यायमूर्तींकडे करता येईल.

सुनावणीत न्यायमूर्ती जे बोलतात ते जजमेंट असतं का?

नाही. सुनावणीत न्यायाधीश प्रश्न विचारतात, वकिलाला कोंडीत पकडतात, मुद्दाम उलट बाजू घेऊन बघतात. संध्याकाळी बातमी येते, ‘कोर्टाने सरकारला फटकारलं’. दोन महिन्यांनी निकाल सरकारच्याच बाजूने लागतो आणि वाचणारा चक्रावतो. सही झालेल्या कागदावर जे उतरतं तेवढंच बंधनकारक. बातम्या लिहिणाऱ्यांनी ‘कोर्ट म्हणाले’ आणि ‘कोर्टाने निकाल दिला’ यांत फरक राखला तर निम्मा गोंधळ मिटेल, असं मला वाटतं.

निकालातलं प्रत्येक वाक्य पुढच्या खटल्यांना लागू होतं का?

तेही नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद १४१ प्रमाणे सर्वोच्च न्यायालयाने घोषित केलेला कायदा देशातल्या सगळ्या न्यायालयांवर बंधनकारक असतो. पण ‘घोषित केलेला कायदा’ म्हणजे निकालातलं ते तत्त्व, जे काढून घेतलं तर निकालच उभा राहणार नाही. वकिलांच्या बोलण्यात ते ‘रेशो’. विषयाच्या ओघात न्यायाधीशाने आणखी काही मतं मांडली, उदाहरणं दिली, एखादी कविता उद्धृत केली, ती सगळी ‘ऑबिटर’. त्यांना मान असतो, पण रेशोचं बळ नसतं. प्रत्यक्षात रेशो कोणता आणि ऑबिटर कोणतं यावरच दोन वकील तासभर भांडतात, कारण निकालपत्रात तशी खूण करून ठेवलेली नसते.

न्यायाधीशांत मतभेद झाले तर जजमेंट कुणाचं धरायचं?

बहुमताचं. पण अल्पमतही निकालाचा भाग म्हणून छापलं जातं, आणि कधी कधी तेच जास्त काळ टिकतं. केशवानंद भारती खटल्यात २४ एप्रिल १९७३ रोजी १३ न्यायमूर्तींनी ७ विरुद्ध ६ अशा फरकाने घटनेच्या मूलभूत चौकटीचं तत्त्व मान्य केलं, म्हणजे घटनादुरुस्ती करूनही संसदेला ही चौकट मोडता येत नाही. एका मताने. वेगवेगळी निकालपत्रं तब्बल ११.

दुसरं उदाहरण आणीबाणीतलं. स्थानबद्ध केलेल्या माणसाला त्या काळात सुटकेसाठी कोर्टात दाद मागता येते का, असा प्रश्न होता. २८ एप्रिल १९७६ रोजी एडीएम जबलपूर प्रकरणात चार न्यायमूर्ती ‘नाही’ म्हणाले. न्या. एच. आर. खन्ना एकटे वेगळे राहिले. पुढच्याच वर्षी सरन्यायाधीशपदासाठी त्यांना डावललं गेलं आणि त्यांनी राजीनामा दिला. त्या चौघांत न्या. यशवंत चंद्रचूड होते. २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणाच्या हक्कावरच्या निकालात नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने तो जुना निकाल चुकीचा ठरवला, आणि तसं लिहिणाऱ्या निकालपत्राचे लेखक होते न्या. धनंजय चंद्रचूड, यशवंतरावांचे चिरंजीव. वडिलांचं बहुमत मुलाने मोडीत काढलं आणि खन्नांचं अल्पमत उचलून धरलं.

दिलेला निकाल त्याच न्यायाधीशाला बदलता येतो का?

सही झाल्यावर सहसा नाही. लेखनातली किंवा बेरीज-वजाबाकीतली चूक दुरुस्त करता येते, त्यासाठी दिवाणी संहितेत कलम १५२ आहे. नजरेला सरळ दिसणारी चूक असेल, किंवा पुरेशी काळजी घेऊनही आधी न सापडलेला महत्त्वाचा पुरावा हाती आला, तर पुनर्विलोकन, म्हणजे त्याच कोर्टाकडून निकालाची फेरतपासणी, मागता येतं. ‘न्यायाधीशाने चुकीचा विचार केला’ हे त्याचं कारण होत नाही, त्यासाठी अपील आहे. हुकूमनाम्याविरुद्ध अपिलाची मुदत उच्च न्यायालयात ९० दिवस, इतर न्यायालयांत ३० दिवस. फौजदारी कोर्टाला तर लेखनातल्या किंवा आकड्यांतल्या चुकीपलीकडे आपल्या निकालाला हात लावताच येत नाही.

इंग्रजी कोर्टं येण्याआधी आपल्याकडे जजमेंटला काय म्हणत?

मराठेशाहीत ‘निवाडपत्र’ हा शब्द होता. वतनाचा, पाटीलकीचा, जमिनीचा तंटा गोतसभेपुढे, म्हणजे गावच्या वतनदारांच्या आणि जाणत्यांच्या सभेपुढे, येई आणि निर्णयाचा जो कागद होई तो ‘महजर’. जुने महजर बघण्यासारखे असतात. वर हजर असलेल्यांची लांबलचक यादी, मग वाद्यांच्या तकरीरी, म्हणजे त्यांची म्हणणी, मग ठरलं काय ते. ज्याला लिहिता येत नसे तो सहीऐवजी आपल्या धंद्याची निशाणी उमटवी. कुणब्याचा नांगर, शेट्याचा तराजू. निकाल एका माणसाचा नसून गावाचा आहे, हे कागद बघितल्याबरोबर कळतं. जिंकणाऱ्याकडून सरकार ‘हरकी’ घेई आणि हरणाऱ्याकडून ‘गुन्हेगारी’. म्हणजे कोर्टाचा खर्च दोघांनाही चुकला नव्हता.

त्याही मागे गेलं तर स्मृतिग्रंथांत ‘जयपत्र’ भेटतं, जिंकलेल्याला मिळणारा लेखी निर्णय. तोच वाद कुणी पुन्हा उकरला तर प्रतिवादी जयपत्र दाखवून म्हणे, याचा निकाल आधीच लागलाय. या उत्तराला ‘प्राङ्न्याय’ असं नाव होतं. आजच्या दिवाणी संहितेचं कलम ११ नेमकं हेच सांगतं.

गाडी चालवताना किंवा क्रिकेटमध्ये म्हणतात ते जजमेंट कोणतं?

ते अंदाजाचं. मराठीत याला शब्दांची कमी नाही: अंदाज, अदमास, अटकळ, आडाखा. पण ‘गाडीचा अंदाज येत नाही’पेक्षा ‘गाडीचं जजमेंट येत नाही’ हेच आता तोंडात बसलं आहे. नवीन शिकणाऱ्याला बॉनेटची डावी कड कुठे संपते ते कळत नाही. काही महिन्यांनी तोच माणूस दोन बोटांच्या फटीतून गाडी काढतो आणि कशी काढली विचारलं तर ‘अंदाजाने’ म्हणतो. इथे कारण देता येत नाही, पण परीक्षा ताबडतोब होते. चुकलं तर आरशाची काच जाते. रोज होणाऱ्या या परीक्षेमुळेच ते पक्कं होतं.

उंच उडालेल्या झेलाखाली क्षेत्ररक्षक चार पावलं मागे-पुढे करतो तेव्हा हेच चाललेलं असतं. पायचीतच्या निर्णयात पंचही तेच करतो, कारण चेंडू पॅडला लागला नसता तर कुठे गेला असता, हे कुणीच बघितलेलं नसतं. आता त्यासाठी यंत्र आलं, पण यंत्रालाही शंभर टक्के खात्री नाही. म्हणून ‘अंपायर्स कॉल’ ठेवला आहे: चेंडूचा निम्म्याहून कमी भाग यष्टीला लागेल असं दिसलं तर मैदानावरच्या पंचाने दिलेला निर्णयच कायम. प्रेक्षक चिडतात, पण नियम मला शहाणपणाचा वाटतो.

डॉक्टरचं जजमेंट चुकलं तर तो निष्काळजीपणा ठरतो का?

आपोआप नाही. जेकब मॅथ्यू विरुद्ध पंजाब राज्य या २००५ सालच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की निव्वळ निर्णयातली चूक म्हणजे निष्काळजीपणाचा पुरावा नव्हे. त्या व्यवसायातला साधारण कुशल माणूस जेवढी काळजी घेतो तेवढी घेतली होती का, हे बघायचं. दोन मान्य उपचारांपैकी एक निवडला आणि तो लागू पडला नाही, ही जजमेंटची चूक. रुग्णाला औषधाची ॲलर्जी आहे हे केसपेपरवर लिहिलेलं असताना ते न वाचताच औषध दिलं, हे वेगळं. त्याला जजमेंट म्हणायचं कारण नाही, तिथे विचार झालेलाच नसतो.

अनुभवी माणसाचं जजमेंट तरी का चुकतं?

यावर डॅनियल काहनेमन आणि ॲमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी बरंच काम केलं. ‘सायन्स’ नियतकालिकात १९७४ मध्ये त्यांनी लिहिलेल्या लेखातला एक प्रयोग असा. लोकांसमोर आकड्यांचं चक्र फिरवायचं. ते १० किंवा ६५ यांवरच थांबेल अशी सोय केलेली. मग विचारायचं, संयुक्त राष्ट्रांच्या सभासदांत आफ्रिकी देश किती टक्के? चक्राचा या प्रश्नाशी काडीचाही संबंध नाही. तरी १० बघितलेल्या गटाचा मध्यम अंदाज २५ आला आणि ६५ बघितलेल्यांचा ४५. पहिला कानावर पडलेला आकडा मनात खुंटा ठोकून बसतो आणि पुढचा अंदाज त्याच्या आसपासच घुटमळतो. घराचा सौदा करताना पहिली किंमत कुणी बोलायची यावर एवढी खलबतं होतात ती काही उगाच नाही.

यातून सुटायचा हमखास मार्ग नाही. समोरच्याचा आकडा ऐकण्याआधी स्वतःचा अंदाज कागदावर लिहून ठेवणं, आणि नंतर तो किती चुकला ते बघणं, याचा मात्र उपयोग होतो. झेल घेणाऱ्याला हा हिशेब चेंडूच दाखवून देतो. माणसांची निवड करणाऱ्याला किंवा गुंतवणूक करणाऱ्याला तो वर्षानुवर्षं कळत नाही, म्हणून त्याचा आत्मविश्वास वाढतो आणि जजमेंट होतं तिथेच राहतं.

‘जजमेंटल’ कुणाला म्हणायचं?

मराठीत सांगायचं तर नावं ठेवणाऱ्याला. उठता-बसता दुसऱ्याच्या कपड्यांवर, लग्नावर, पोरांच्या मार्कांवर ज्याचा शेरा तयार असतो त्याला. मराठी बायबलने मत्तयच्या सातव्या अध्यायातल्या प्रसिद्ध वचनासाठी ‘दोष काढू नका’ असे शब्द वापरले आहेत. ‘न्याय करू नका’ म्हटलं असतं तर अर्थाचा अनर्थ झाला असता.

पण हल्ली हा शब्द ढालीसारखाही वापरला जातो, आणि ते मला खटकतं. ‘तू घेतलेले पैसे परत केले नाहीस’ असं कुणी म्हणालं की उत्तर येतं, ‘तू जजमेंटल होतोयस.’ ही तक्रार आहे, तिला तारीख आहे, रक्कम आहे. ‘तू मुळातच लबाड’ असं म्हटलं असतं तर गोष्ट वेगळी. केलेल्या कृतीबद्दल बोलणं आणि माणसावर कायमचा शिक्का मारणं यांत अंतर आहे.

‘व्हॅल्यू जजमेंट’ म्हणजे?

मोजून किंवा बघून खरं-खोटं करता न येणारं, चांगल्या-वाईटाचं विधान. ‘हा पूल शंभर वर्षं जुना आहे’ हे तपासता येतं. ‘हा पूल जपलाच पाहिजे’ हे मूल्यनिर्णयाचं विधान. पहिल्यावरून दुसरं आपोआप निघत नाही, हे अठराव्या शतकात डेव्हिड ह्यूमने दाखवून दिलं. मूल्यनिर्णय करू नयेत असा याचा अर्थ नाही. ते वस्तुस्थितीच्या वेषात फिरवू नयेत, एवढंच.

भारतीय तर्कशास्त्रात याला समांतर काही आहे का?

आहे, आणि फार नेमकं आहे. न्यायसूत्रं या तर्कशास्त्राच्या प्राचीन ग्रंथात गौतमाने सोळा पदार्थ, म्हणजे विचाराचे विषय, सांगितले. त्यांत ‘संशय’ तिसरा, ‘निर्णय’ नववा. निर्णयाची व्याख्या अशी: ‘विमृश्य पक्षप्रतिपक्षाभ्यामर्थावधारणं निर्णयः’. शंका घेऊन, बाजू आणि उलट बाजू दोन्ही तपासून मग एखादी गोष्ट निश्चित करणं. म्हणजे घाईघाईने बनवलेलं मत गौतमाच्या हिशेबात निर्णयच नव्हे. दिवाणी कोर्टातला मुद्दे-निष्कर्षांचा तक्ता या व्याख्येच्या शेजारी ठेवून बघा.

‘जजमेंट डे’चा याच्याशी संबंध काय?

ख्रिस्ती आणि इस्लामी श्रद्धेत जगाच्या अखेरीस सगळ्यांच्या कर्मांचा हिशेब होतो, तो दिवस. मराठीत न्यायाचा दिवस, कयामतचा दिवस. प्राचीन इजिप्तमध्ये मेलेल्याचं हृदय तराजूत पिसाच्या वजनाशी तोलतात अशी कल्पना होती. आपल्याकडे चित्रगुप्ताची वही.

‘चांगलं जजमेंट’ याला मराठीत एक शब्द सांगा.

तारतम्य. ‘तर’ आणि ‘तम’ या प्रत्ययांपासून आलेला शब्द, म्हणजे कमी-अधिक ओळखणं. नियम जिथे संपतात तिथे कुठलं किती ताणायचं हे ज्याला कळतं त्याला तारतम्य आहे असं म्हणतात. माणसं किंवा वस्तू ओळखण्याचं असेल तर पारख. चांगलं-वाईट निवडण्याचं असेल तर विवेक. कोर्टाचं असेल तर निकाल किंवा न्यायनिर्णय. ‘निवाडा’ वापरताना थोडं जपा, कारण भूसंपादनात भरपाई ठरवणाऱ्या अधिकाऱ्याच्या निर्णयाला सरकारी कागदांत हाच शब्द आहे.

इंग्रजी स्पेलिंगमध्ये ‘जी’नंतर ‘ई’ लिहायचा की नाही?

कोर्टाच्या अर्थाने नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेतही ‘ई’ नाही. इतर अर्थांनी ब्रिटिश वळणात दोन्ही चालतात, अमेरिकेत सहसा ‘ई’शिवाय.

निकालाची प्रत कुठे मिळते? ती छापता येते का?

तालुका आणि जिल्हा न्यायालयांचे बरेच निकाल ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर प्रकरणाचा १६ अक्षरी-अंकी सीएनआर क्रमांक टाकून बघता येतात. कामाला लावायची असेल तर सही-शिक्क्याची नक्कल हवी, त्यासाठी कोर्टाच्या नक्कल विभागात अर्ज करावा लागतो. फौजदारी खटल्यात कैदेची शिक्षा झाली तर आरोपीला निकालाची प्रत लगेच आणि विनामूल्य मिळते. सर्वोच्च न्यायालयाचे निकाल २०२३ पासून त्याच्या ‘ई-एससीआर’ या ऑनलाइन संग्रहात मोफत आहेत आणि काहींचे मराठी अनुवादही मिळतात. अनुवाद समजून घेण्यापुरता, कायद्याच्या कामासाठी इंग्रजी मूळच ग्राह्य.

छापण्याचं म्हणाल तर कोर्टाने मनाई केलेली नसेल तोवर निकालपत्र कुणीही प्रसिद्ध करू शकतो, कॉपीराइटचा भंग होत नाही. मात्र कायद्याच्या मासिकांत निकालाच्या वर जो सारांश असतो तो कोर्टाचा नसतो, संपादकाचा असतो. तो उचलायचा नाही. आणि निव्वळ त्यावर विसंबून कोर्टात उभंही राहायचं नाही.